उरलेली हवा

या, असे पुढं सरका. तिकडं खांबाला टेकून बसलात तर मृदंग पोचेल, पण माझा आवाज पोचायचा नाही. हा गळा बुवांचा नाही, लॉजच्या काउंटरवर ओरडून ओरडून बसलेला आहे. बुवा अजून चहा घेताहेत, वीणा लागायची आहे. तोवर पूर्वरंगाच्या जागी माझी एक गोष्ट ऐका. देवाची म्हणाल तर देवाची, काचेच्या नळीची म्हणाल तर नळीची. वैतागाची आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मी विरुपाक्ष, तुळजापुरात बसस्टँडच्या अंगाला आमचं लॉज आहे, आणि गेलं वर्षभर, भाऊ गेल्यापासून, ते मी चालवतो. चालवतो म्हणजे काय, ते मला ओढतं आणि मी फरफटत जातो.

माघ सरत आला होता, शिवरात्र तोंडावर. सोलापूरचे एक गृहस्थ सकाळी कमरेला पंचा गुंडाळून, भरलेली बादली घेऊन जिना उतरले आणि ती बादली त्यांनी सरळ माझ्या काउंटरवर ठेवली. पाणी हिंदकळलं, टेबलावरच्या काचेखालचे देवीचे फोटो भिजले. "घाला हात," म्हणाले. मी हात घातला. त्याला गार म्हणता येईना, ऊनही म्हणता येईना. आजारी माणसाच्या खोलीचं दार उघडल्यावर जी हवा अंगावर येते, तसं काहीतरी होतं ते. "हे गरम पाणी का? बाहेर पाटी काय लावलीय? आईपुढं आंघोळ करून जायचं का अंगाला ओलं फडकं पुसून?" मी म्हटलं, बघतो. "बघताय काय? गेल्या खेपेला ते दुसरे होते ना, उंच, कमी बोलायचे. त्यांच्या वेळी अंग पोळायचं." मी म्हटलं, ते माझे थोरले बंधू, वारले. गृहस्थ थांबले. चेहरा एकदम मऊ झाला. बादली उचलली आणि जाता जाता अगदी मायेनं म्हणाले, "मग असंच व्हायचं." एवढंच. शिवी दिली असती तर मी उलटी दिली असती. पण ते 'मग असंच व्हायचं' माझ्या कानात गेलं ते गेलंच. दिवसभर मी किल्ल्या देत होतो, चादरी मोजून घेत होतो, आणि आत कुणीतरी पंचा गुंडाळून जिना चढत-उतरत तेच म्हणत होतं.

कारण पाणी का निवलंय हे मला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, तुळजापुरात ते माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं, आणि तरी मला काही करता येत नव्हतं. गच्चीवर अण्णानं, म्हणजे त्याच थोरल्या भावानं, बसवलेला सोलर आहे. उतरत्या चौकटीवर काळ्या काचेच्या लांब नळ्या, वर पाण्याची टाकी. प्रत्येक नळी म्हणजे काचेत काच. दोन काचांच्या मधली हवा काढून घेतलेली, म्हणजे आत तापलेलं पाणी बाहेरच्या थंडीला कळत नाही. नळीच्या खालच्या टोकाला आतून चांदीचा मुलामा दिसतो. तो शोभेचा नाही. मी तरुणपणी पुण्याकडं टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या कारखान्यात होतो आणि माझं कामच ही चांदी उडवायचं होतं. पंपानं हवा ओढायची, कितीही ओढली तरी ती सगळी निघत नाही. थोडी राहतेच. शिवाय काचेच्या अंगात, लोखंडाच्या अंगात मुरलेली असते, ती पुढं वर्षानुवर्षं झिरपत राहते. म्हणून आत बेरियमची एक बारीक कडी ठेवलेली असायची. ट्यूबचं तोंड बंद झालं की मी तारेचं वेटोळं बाहेरून काचेवर धरायचो. ज्योत नाही, आग नाही, तरी आतली कडी लाल व्हायची, मग पांढरी, आणि डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात काचेला आतून आरसा चढायचा. गेटर म्हणायचे आम्ही त्याला. पंपाकडून राहिलं ते जन्मभर गिळत बसायचं, एवढंच त्याचं काम. हजारो घरांत लोक टीव्हीवर देव बघायचे, बातम्या बघायचे, आणि पाठीमागं अंधारात हा गिळत बसलेला. त्याला कधी कुणी पाहिलं नाही. पण काचेला केसाएवढी जरी चीर पडली, तर बाहेरची सगळी हवा आत घुसते, त्याच्याच्यानं आवरत नाही, आणि चांदीचं दूध होतं. पांढरं फटक. पांढरं टोक दिसलं की नळी गेली, फेकून द्या. यात समजायला अवघड काय आहे सांगा.

तर आमच्या गच्चीवरच्या एका नळीचं टोक पांढरं झालं होतं, आणि ते पहिल्यांदा माझ्या नव्हे, वैनीच्या नजरेला पडलं. प्रेमावैनी, अण्णाची बायको. पापड वाळत घालायला गेलेल्या, त्यांनी पाहिलं, बाकी सगळ्या नळ्यांची टोकं चकचकीत आणि एकीच्याच टोकाला भस्म. आमच्या घरात सकाळी तोंड धुतलं की कपाळाला विभूती आधी लागते, चहा मग. वैनींनी तिथंच परात ठेवली आणि हात जोडले. मग त्यांनी त्या नळीवर हात ठेवला, आणि इथंच सगळा घोळ झाला. उन्हाच्या वेळी चांगल्या नळीला हात लावा, गार लागते. ऊब सगळी आत, बाहेर काही येत नाही. फुटकी नळी मात्र हाताला ऊन लागते, कारण तिची ऊब बाहेर पळत असते. हे मी सांगतो म्हणून सोपं वाटतं. पण ज्या बाईचा नवरा जाऊन वर्ष होत आलंय, जिला गच्चीवर एकटी असताना काचेवर विभूती दिसली आणि त्या विभूतीखाली जित्या माणसाच्या अंगासारखी ऊब हाताला लागली, तिला काय वाटलं असेल? "बाकीच्या मेल्यागत गार हायती भावजी," मला खाली येऊन म्हणाल्या, "ही एकलीच जिती हाय." वर्षात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर रंग आला होता. नळी फुटलीय म्हणायचं सोडून मी चादरी मोजायला घेतल्या.

आणि मग जे सुरू झालं ते सुरू झालं. शेजारच्या हळदीकुंकवाच्या दुकानातली इरम्मा आली, तिनं हात लावून बघितला, "अय्यो देवा, खरंच की!" म्हणून गालावर मारून घेतलं, आणि तिच्या दुकानात थांबणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर ती बातमी पुडीत बांधून देऊ लागली. आळंदकडच्या, कलबुर्गीकडच्या बाया दर्शनावरून येता येता आमचा जिना चढू लागल्या. नळीवर कुंकवाचे पट्टे, बेलाची पानं, खोबऱ्याचे तुकडे, त्यावर मुंग्या. आमचा धुळाप्पा, लॉजमध्ये माझ्याआधीपासून आहे, तो गच्चीच्या दारात चपला काढायला लागला. टाकीचा कॉक फिरवायला जा म्हटलं तर म्हणे, "पारोसा हाय मालक, आंगुळ करून जातो." आंघोळीला पाणी हवं, पाण्याला कॉक हवा, कॉकला आंघोळ हवी! मी ओरडलो, तो म्हणाला, "तुमचा इश्वास न्हाय, शिकल्यालं हाव तुमी." माझा विश्वास नाही! या मठातल्या कुठल्याही कीर्तनाला धुळाप्पा माझ्या आधी येऊन बसलेला असेल तर कुणीही सांगावं. बुवा रंगात आले की माझे डोळे वाहतात, मला पुसायचं भान राहत नाही. पण म्हणून फुटक्या नळीला दंडवत घालू? आणि सगळ्यात मोठा वैताग हा, की ते धड खोटंही नव्हतं. ती राखच होती, जळलेल्या धातूची राख. जे करायचं ते करून संपलं की उरते ती. मी रागानं त्या टोकाकडं बघायचो आणि माझाच हात कपाळाकडं जायचा.

पुतणी शिवानी पुण्याला असते, तिला फोन केला. म्हटलं, तू सांग आईला. ती म्हणाली, "काका, असू दे ना. आईला बरं वाटतंय. एका नळीनं काय होतंय?" एका नळीनं काय होतं! दिवसा ती तापवत नाही आणि रात्रभर टाकीतली ऊब बाहेर फेकत बसते. पंचा गुंडाळलेला माणूस तुझ्या काउंटरवर बादली ठेवत नाही, माझ्या ठेवतो. फोन ठेवला आणि समोर तो काउंटर. अण्णाचा. लाकडाला एका बाजूला त्याच्या कोपराची झीज आहे, माझं कोपर तिथं बसत नाही, मी बुटका. कारखाना बंद पडला, लोकांनी भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही घेतले, ट्यूब कुणाला नको, गेटर कुणाला नको, तेव्हा मी ट्रंक घेऊन इथं उतरलो होतो. लग्न राहिलेलं, वय गेलेलं. या काउंटरपुढं ट्रंक ठेवली. अण्णा काहीतरी लिहीत होता. वर बघून म्हणाला, "जेवला का?" मी नाही म्हटलं. त्यानं किल्ली सरकवली, "जिन्याखालची खोली." संपलं. ना पाठीवर हात, ना काय झालं कसं झालं. मी त्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलो होतो आणि मला वाटत होतं, दगड आहे हा. पुढं मी कीर्तनात भरताची भेट ऐकायचो, भाऊ भावाच्या गळ्यात पडतो, सगळी सभा रडते, आणि मला जिन्याखालच्या खोलीची किल्ली दिसायची.

आता वर्षभर त्याच्या खुर्चीत बसतोय. नवस फिटला नाही म्हणून काउंटरवर डोकं ठेवून रडणाऱ्या बाया येतात. पिऊन आलेले येतात. चुलते येतात, वाटणीचं बोलून चहा पिऊन जातात. लाईट गेली की शिव्या मला, दर्शनाची रांग लांबली की शिव्या मला. येतं आणि बरंचसं जातंही. पण थोडं राहतं अंगात, मुरतं, आणि संध्याकाळी धुळाप्पावर निघतं, नाहीतर भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताटावर निघतं. अण्णाचं कधी निघालं नाही. कुठं जात होतं ते? पहाटे तो कॉरिडॉरमधून दारं वाजवत जायचा, कानडी मुलुखातली माणसं जास्त म्हणून कानडीत ओरडायचा, "बिसी नीर! ऊन पाणी आलंय, बिसी नीर!" दिवसातलं त्याचं एवढंच मोठ्यानं बोलणं. त्यात एक चाल होती, शेवटचं अक्षर जरा वर उचललेलं. बाकी दिवस गप्प. आणि शेवटच्या चार-सहा महिन्यांत, पोटाच्या दुखण्यानं धरल्यावर, हाच माणूस उलगडला. अंगात बारीक ताप असायचा. येईल त्याचा हात धरायचा. वैनींना शेजारून उठू द्यायचा नाही. लग्नातल्या गोष्टी काढायचा, हसायचा, रडायचा. मला एकदा म्हणाला, "विरू, तू ट्रंक घेऊन आलास तवा तुझ्या पायात दोन वेगळ्या चपला हुत्या." मला आठवतही नव्हतं. त्यानं बघितलं होतं, आणि इतकी वर्षं ठेवलं होतं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, उन्हं चढता चढता, इरम्मानं जाहीर केलं, की उद्या भर बाराला नळीला अभिषेक करायचा. पंचवीसभर बाया येणार, ऊन डोक्यावर असताना गार पाण्याच्या घागरी नळीवर ओतायच्या. चांगल्या नळीवर पाणी पडलं तर तिला काही होत नाही, तिची बाहेरची काच गारच असते. ही तापलेली. आधीच चीर पडलेली. गार पाण्यानं बाहेरची काच गेली आणि तिच्याबरोबर आतली गेली, की टाकीभर उकळतं पाणी खाली, आणि खाली वाकून नमस्कार करणाऱ्या बाया. पहिली वैनीच असणार. मी काउंटर सोडला. धुळाप्पा ओरडला, मालक गिऱ्हाईक! म्हटलं, तू बघ. पाना घेतला आणि वर गेलो. चपला घालून गेलो.

वैनी चौकटीशी बसल्या होत्या, तळवा नळीवर. कुणी माणूस झोपलाय आणि त्याला उठवायचं नाही, अशा बसल्या होत्या. मी टाकीचा कॉक उघडला. पन्हाळीतून वाफाळतं पाणी वाहायला लागलं.

"काय करतायसा भावजी?"

"टाकी रिकामी करतोय. ती नळी काढायची."

"हात लावून तर बगा एकदा. एकदा तरी हात लावलाय का तुमी?"

"फुटलीय वैनी ती. हवा शिरलीय आत. ते भस्म नाही."

"तुमाला सगळ्यात कारखाना दिसतो." त्या उठल्या, नळीपुढं उभ्या राहिल्या, पदर खोचून. "म्या हिला हात लावू देणार न्हाय. आदी मला ढकला, मग नळीला हात घाला."

मी काय करणार? कीर्तन असतं तर बुवांनी इथं एखादा दृष्टांत दिला असता. मला दृष्टांत येत नाही, मला पाना येतो. टाकी उतरली तसा मी फुटकीच्या शेजारची, चांगली, चांदीच्या टोकाची नळी खालची टोपी काढून, रबरातून पिळत पिळत बाहेर ओढली. तोंडापर्यंत भरलेली होती. म्हटलं, "धरा. दोन्ही हातांनी धरा." वैनींनी रागारागानं धरली. "कशी लागते?"

"गार. मेल्यागत."

"आता तिरपी करा. पायावर नाही, बादलीत."

पाणी पडलं आणि बादलीतून वाफ उठली. वैनींनी दचकून नळी सोडली असती, मी खालून धरली. त्यांनी एक बोट बादलीत घातलं आणि झटक्यानं काढून तोंडात घातलं, लहान पोरीसारखं. मग परत काचेला हात लावला. परत बादलीवर तळवा धरला. काच गार, पाणी पोळतं. असं त्यांनी तीनदा-चारदा केलं. मला बोलायचं होतं, पंप, बेरियम, मुरलेली हवा, सगळं ओठावर आलं होतं, आणि मी पहिल्यांदाच ते गिळलं.

"म्हंजी," वैनी हळू म्हणाल्या, "गार हुती तवा समदं आत हुतं."

मी मान हलवली.

"ह्यांचा हात कायम गार लागायचा. लग्नापासनं. म्या आईला सांगितलं हुतं, माणूस चांगला हाय पर माया न्हाय." त्या पांढऱ्या टोकाकडं बघत होत्या. "शेवटी शेवटी ऊन लागाय लागला. माझा हात सोडंनात. म्या म्हणलं, आता कुटं माया फुटली. तेवढ्यावर मी वरीस काढलं भावजी." आणि मग माझ्याकडं वळून, सरळ डोळ्यांत बघून, "म्हंजी ते बी फुटल्यालंच हुतं का?"

हे मला दिसायला हवं होतं. फुटकी नळी दाखवायची घाई होती मला, ती दाखवली की तिच्याबरोबर काय निखळून पडेल याचा विचार मी केला नव्हता. खालून धुळाप्पा हाका मारत होता. बाजूला कुठंतरी संबळ वाजत होतं, कुणाच्या तरी गोंधळाची तयारी. माझा वैताग, जो सकाळपासून, वर्षभर, खरं म्हणजे जिन्याखालच्या खोलीपासून माझ्याबरोबर होता, त्याला एकदम जागाच सापडेना. मी पांढऱ्या नळीवर हात ठेवला. पहिल्यांदाच. ऊन होती. खरंच माणसाच्या अंगासारखी.

"वैनी," मी म्हटलं, "ही ऊब बाहेर आली ती कुठली? बाहेरनं नाही आली. आतलीच आहे. आत होती तीच."

त्यांनी माझ्या हाताशेजारी हात ठेवला. मग त्यांनी पदरानं नळीवरचं कुंकू पुसलं, बेलाची पानं गोळा केली, खोबऱ्याचे तुकडे वेचून मुंग्या झटकल्या. आणि जरा खेकसूनच म्हणाल्या, "काडा मग. उभं काय ऱ्हायलाव? उद्या पाव्हण्यांस्नी ऊन पाणी लागंल. ह्यांनी आदी त्येच बघितलं असतं."

नवी नळी सोलापूरहून दुपारच्या एसटीत घालून मागवली, ती उन्हं कलायच्या आत बसवून टाकी पुन्हा भरली, आणि तेवढ्या वेळात जेवढं तापलं तेवढ्यावर भरवसा ठेवून मी झोपलो. इरम्मा रुसली. अभिषेक तिनं नाइलाजानं देवळात केला, आणि मला अजूनही 'कारखानेवाले' म्हणते. जुनी नळी वैनींनी फेकू दिली नाही, देवघरातही ठेवली नाही. धुळाप्पाला सांगून गच्चीच्या कठड्याशी आडवी ठेवली आहे, पापडाचं फडकं उडू नये म्हणून. शिवरात्रीला पहाटे मी अंथरुणातच होतो. अभिषेकाला जायचं म्हणून उठायचं होतं, पण आधी पाण्याचं काय, त्या सोलापूरकरासारखं आणखी कुणी बादली आणून ठेवतं का, याच धास्तीनं पडून होतो. तेवढ्यात कॉरिडॉरमधून दारं वाजायला लागली. एक, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. आणि आवाज आला, "बिसी नीर! ऊन पाणी आलंय, उठा, बिसी नीर!" बाईचा आवाज, जी बाई आजवर पाहुण्यांपुढं कधी मोठ्यानं बोलली नाही. पण चाल तीच. शेवटचं अक्षर तसंच वर उचललेलं. एकामागून एक नळ सुटले, बादल्या खणखणल्या, कुणीतरी आत "आई गं, पोळलं!" म्हणून किंचाळलं. मी तोंडावर पांघरूण घेतलं आणि ते भिजेपर्यंत काढलं नाही.

वीणा लागली वाटतं. बुवा उभे राहिले. जाता जाता एवढंच मागतो: कधी तुळजापुरी आलात, आमच्याकडं उतरा नाहीतर दुसऱ्या कुणाकडं, पण पहाटे पहिला तांब्या डोक्यावर घ्याल आणि पाठ पोळेल, तेव्हा शिवी खुशाल मला द्या. फक्त दुसरा तांब्या भरण्याआधी, एवढासा वेळ, आमच्या अण्णाची, गौरीशंकरची आठवण काढा.